पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५–१७८२) नेमके कोणी जिंकले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या युद्धाच्या निकालाबद्दल एवढा वाद का होतो?

मराठे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तीन युद्धांपैकी दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा निकाल कोणी विचारत नाही, कारण १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. पहिल्या युद्धाची गोष्ट तशी नाही. ते सात वर्षे रेंगाळले, त्यात सुरत, पुरंदर, वडगाव आणि सालबाई असे चार करार झाले, त्यांतले पहिले तीन टिकले नाहीत आणि एकाही लढाईने युद्धाचा निकाल लावला नाही. आपल्याकडे वडगावचा विजय सांगून गोष्ट थांबवतात, तर इंग्रजी इतिहासांत कर्नल गॉडर्डची कूच आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची चढाई यांचेच कौतुक अधिक असते. प्रत्येकाने आपल्या सोयीच्या पानावर पुस्तक मिटले, तर वाद मिटणार कसा?

थोडक्यात उत्तर द्यायचे झाले तर?

पुण्याच्या गादीवर कोणी बसायचे आणि ते कोणी ठरवायचे, या प्रश्नावरून हे युद्ध पेटले आणि तो प्रश्न शेवटी पूर्णपणे पुणे दरबाराच्या मनासारखा सुटला. त्यामुळे विजय मराठ्यांचा, असे आमचे मत आहे. मात्र साष्टी, म्हणजे मुंबईलगतचे मोठे बेट, हातची गेली ती गेलीच. ती युद्धाला रीतसर तोंड फुटण्यापूर्वीच गेली होती आणि नंतरच्या कोणत्याही विजयाने परत मिळाली नाही. ‘मराठ्यांनी युद्ध जिंकले’ म्हणताना ही उणीव झाकू नये आणि ती उणीव दाखवून ‘इंग्रज जिंकले’ असेही म्हणू नये.

युद्धाला कारण काय झाले?

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे थोरल्या माधवरावांचा मृत्यू झाला आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवेपदावर आले खरे, पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांनाच दोषी ठरवले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन गंगाबाईंच्या नावाने कारभार हाती घेतला. हेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि राघोबादादांच्या हक्काला उरलासुरला आधारही राहिला नाही. ते गुजरातेत गेले आणि इंग्रजांच्या आश्रयाला जाऊन बसले.

६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने इंग्रजांनी त्यांना अडीच हजार फौजेची मदत कबूल केली. त्याच्या बदल्यात दादांनी साष्टी आणि वसई लिहून दिली, शिवाय सुरत-भडोचच्या महसुलातला वाटाही. ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये पोर्तुगीजांशी झुंजून हजारो माणसे खर्ची घातली, ती वसई चिमाजीअप्पांच्या सख्ख्या पुतण्याने एका कागदावर देऊन टाकली.

इंग्रजांना नेमके काय हवे होते?

विजेता ठरवायचा तर आधी कोण काय मिळवायला निघाले होते ते पाहावे लागते, आणि येथे ‘इंग्रज’ असा एकच पक्ष नव्हता. मुंबईकर इंग्रजांना जमीन हवी होती. मुंबई बेट तेव्हा लहान; धान्य, लाकूड, गवत बाहेरून येणार आणि तेही ठाण्याच्या खाडीपलीकडचा मराठ्यांचा अंमलदार येऊ देईल तेव्हाच. साष्टी आणि वसई हाती आली तर मुंबईला अन्न, महसूल आणि संरक्षण तिन्ही मिळणार होते. गोव्याचे पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला निघाले आहेत, अशी बातमी १७७४ च्या अखेरीस आली. तेव्हा मुंबईकरांनी राघोबादादांशी करार पुरा होण्याचीही वाट न पाहता ठाण्यावर चाल केली आणि डिसेंबर संपण्यापूर्वी तो किल्ला घेतला. थोडक्यात, साष्टी घेतली आधी आणि ती देणारा धनी मागाहून शोधला.

कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाची गोष्ट वेगळी होती. १७७३ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास यांच्यावर कलकत्त्याची देखरेख आली होती. आपल्याला न विचारता केलेला सुरतेचा तह त्यांना मान्य नव्हता. पुढे कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने युद्ध स्वतःच्या हाती घेतले, तेव्हा मात्र पुण्यात आपल्या तंत्राने चालणारे सरकार असावे, फ्रेंचांना तेथे थारा मिळू नये आणि कंपनीची अब्रू राहावी, हे त्याचे हेतू झाले. या हेतूंपैकी किती साधले ते पुढे येईलच.

अडासची लढाई कोणी जिंकली?

मैदान इंग्रजांच्या हाती राहिले. १८ मे १७७५ रोजी गुजरातेत चरोतरातल्या अडास येथे कर्नल कीटिंगच्या फौजेची आणि हरिपंत फडक्यांची गाठ पडली. मराठ्यांना मागे हटावे लागले, पण कीटिंगच्या पलटणीचीही मोठी हानी झाली आणि राघोबादादांना पुण्याला नेऊन बसवण्याचे काम तसूभरही पुढे सरकले नाही. पावसाळा तोंडावर आला होता. या लढाईचे महत्त्व एवढेच.

पुरंदरचा तह झाला असताना युद्ध पुन्हा का पेटले?

कलकत्त्याने सुरतेचा तह रद्द ठरवून कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी राघोबादादांची बाजू सोडायची, दादांनी पेन्शन घेऊन कोपरगावी राहायचे, साष्टी इंग्रजांकडे राहायची आणि इंग्रजांच्या खर्चापोटी पुण्याने बारा लाख रुपये द्यायचे, असे ठरले. म्हणजे युद्धाला सुरुवात केली इंग्रजांनी आणि खर्चही त्यांनाच मिळायचा! नाना फडणिसांनी हा कडू घोट घेतला, कारण त्यांना आधी घर सावरायचे होते.

तह मोडला तो मुंबईकरांनी. त्यांनी राघोबादादांना आश्रय दिला, आणि लंडनहून संचालकांचे जे पत्र आले त्यात तर सुरतेच्या तहालाच पसंती दिलेली होती. त्यात १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुण्याच्या दरबारी आला. त्याच्या मागे फ्रेंच सरकारचे कितपत बळ होते याची शंकाच होती, पण नानांनी त्याचा पाहुणचार मोठ्या थाटात केला आणि इंग्रजांचा जीव टांगणीला लागला. पुण्यातही सारे आलबेल नव्हते. १७७८ मध्ये नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी इंग्रजांशी संधान बांधून कारभार बळकावायचा डाव केला, तुकोजी होळकर काही काळ त्यांच्या बाजूला झुकले आणि सखारामबापूंचेही पाय दोन्ही डगरींवर होते. इंग्रज पुण्यावर चालून आले ते या फुटीच्या भरवशावर.

वडगावला नेमके काय घडले?

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून जवळपास चार हजारांची फौज निघाली. तिच्याबरोबर राघोबादादा होते आणि सामान वाहायला एकोणीस हजार बैल. सेनापती कर्नल इगर्टन आजारी आणि भारताच्या लढाईला नवखा. त्याच्यावर देखरेखीला कारनॅक आणि मॉस्टिन यांची समिती. यांतला मॉस्टिन हा पूर्वी पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला, पुणे दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. तो वाटेतच आजारी पडून मुंबईला परतला आणि १७७९ च्या पहिल्याच दिवशी मरण पावला. राहिलेल्यांचे एकमेकांशी पटेना. खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचे दहा-अकरा कोसांचे अंतर कापायला या फौजेला दोन आठवडे लागले.

मराठ्यांनी समोर उभे राहून लढाई दिलीच नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजा इंग्रजांच्या पुढेमागे राहून रोज थोडी माणसे टिपत, रसद तोडत आणि रात्रीची झोप उडवत. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या शौर्याचे मराठ्यांनीही कौतुक केले. ‘इष्टुर फाकडा’ या नावाने मावळात तो अजून लोकांच्या आठवणीत आहे आणि त्याच्या समाधीला लोक हात जोडतात. शत्रूच्या कप्तानाला एवढा मान आपल्याकडे क्वचितच कोणाला मिळाला असेल.

९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव जळत होते. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवडचीही तीच गत होणार आणि वेळ आलीच तर पुणेदेखील पेटवून द्यायचे, अशी तजवीज नानांनी केल्याचे कळले. पुणे तेथून दहा कोसांच्या आत होते. राघोबादादांना पाहताच सरदार येऊन मिळतील, ही आशा फोल ठरली. एकही नाव घेण्याजोगा सरदार आला नाही. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, उरलेले सामान जाळले आणि गुपचूप परतीची वाट धरली. गुपित रात्रभरही टिकले नाही. पहाट होण्याआधीच मराठ्यांनी त्यांच्या पिछाडीवर हल्ला केला. हार्टले या अधिकाऱ्याने पिछाडी निकराने सांभाळली म्हणून फौज वडगावपर्यंत तरी पोहोचली. तेथे ती चहूबाजूंनी कोंडली गेली आणि १६ जानेवारीच्या सुमारास करारावर सह्या झाल्या. १७७३ नंतर घेतलेला सारा मुलूख साष्टीसह परत करणे, बंगालहून मुंबईच्या मदतीला येणारी फौज थांबवणे आणि भडोच शिंद्यांना देणे इंग्रजांनी कबूल केले. राघोबादादा शिंद्यांच्या हवाली झाले आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले.

मग वडगावलाच युद्ध संपले, असे का मानू नये?

कारण कराराची शाई वाळण्यापूर्वीच इंग्रजांनी हात वर केले. समितीची माणसे घाट उतरून सुरक्षित जागी पोहोचली आणि बंगालच्या फौजेला थांबण्याची जी सूचना त्यांनी पाठवली होती, तीच त्यांनी रोखून धरली. पुढे मुंबई आणि कलकत्ता या दोघांनीही ‘असा करार करायचा समितीला अधिकारच नव्हता’ म्हणून तो झिडकारला.

येथे महादजींवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की, मुठीत आलेली फौज त्यांनी साष्टी प्रत्यक्ष ताब्यात येण्यापूर्वीच सोडून दिली. आक्षेप रास्त आहे. दोन ओलिसांसाठी कंपनी साष्टी सोडेल, ही अपेक्षाच भाबडी होती. मात्र याला दुसरी बाजूही आहे. वडगावनंतर राघोबादादांना झाशीकडे रवाना केले जात असताना ते नर्मदेच्या काठी निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. ते निसटले नसते, तर इंग्रजांकडे पुढे करायला प्यादेच उरले नसते आणि वडगावचा करार कागदावर मोडूनही व्यवहारात बराचसा टिकला असता. फौज सोडण्यापेक्षा दादांवरचा पहारा ढिला ठेवणे ही चूक आम्हांला मोठी वाटते.

इंग्रजांनी १७८० मध्ये मिळवलेल्या विजयांना किती महत्त्व द्यावे?

बरेच द्यावे, ते नाकारण्यात अर्थ नाही. काल्पीहून निघालेली बंगालची फौज बुंदेलखंड आणि माळवा ओलांडून फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोहोचली. परक्या मुलखातून एवढी मोठी कूच त्यापूर्वी कंपनीच्या कोणत्याच फौजेने केलेली नव्हती. तिचा सेनापती गॉडर्ड याने फत्तेसिंह गायकवाडांना आपल्या बाजूला वळवून फेब्रुवारी १७८० मध्ये अहमदाबाद सर केले. ३ ऑगस्टच्या रात्री पॉपहॅमच्या माणसांनी कापूस भरलेले जोडे घालून, शिड्या आणि दोर लावून ग्वाल्हेरचा कडा चढला आणि उजाडेपर्यंत अजिंक्य म्हणवणारा किल्ला फारशी माणसे न गमावता घेतला. ११ डिसेंबरला वसई पडली. लगोलग १२ डिसेंबरला वज्रेश्वरीजवळ दुगाड येथे मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश दाट धुक्याचा फायदा घेऊन हार्टलेच्या मोर्चावर तुटून पडले. धुके अवचित विरले, मराठे तोफांच्या तोंडी सापडले आणि रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले.

एवढे होऊनही पुणे जागचे हलले नाही. वसई घेतल्यावर पुण्यावर धाक बसवावा म्हणून गॉडर्ड १७८१ च्या फेब्रुवारीत बोरघाटात जाऊन बसला. वर सरकायची त्याची छाती झाली नाही. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनी पनवेलपासून घाटापर्यंतची त्याची रसद कापून काढली आणि एप्रिलमध्ये तो पनवेलकडे मागे फिरला, तेव्हा वाटेत त्याची चारशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. इंग्रजी फौज पुण्यावर दोनदा चालून आली. एकदा तळेगावहून परतली, एकदा खंडाळ्यातूनच. किल्ले आणि शहरे घेऊन गादीचा प्रश्न सुटत नव्हता, हे यावरून हेस्टिंग्जलाही कळून चुकले.

म्हैसूरचा हैदरअली मदतीला नसता, तर मराठे हरले असते का?

मराठ्यांचे काम फार अवघड झाले असते, एवढे निश्चित. १७८० मध्ये नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध चौघांची आघाडी उभारली. निजाम बोलण्यापुढे फारसा गेला नाही. भोसल्यांची फौज बंगालच्या रोखाने निघाली, पण ती जाणूनबुजून रेंगाळत राहिली आणि पुढे हेस्टिंग्जने पैसे देऊन तिला शांत केले. खरा लढला तो हैदर. त्याने जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरून १० सप्टेंबरला पोलिलूर येथे कर्नल बेलीची फौज बुडवली. मद्रास वाचवायला बंगालची माणसे आणि पैसा तिकडे वळवावा लागला आणि मराठ्यांशी काहीही करून तह करा, अशी निकड कलकत्त्याला भासू लागली.

पण आघाडी जुळवून आणणे हाही युद्धाचाच भाग असतो. नानांची तलवार कधी गाजली नाही. हैदर ऐन वेळी इंग्रजांच्या उरावर बसला, हे श्रेय त्यांच्याच लेखणीचे. तेव्हा ‘हैदरमुळे वाचलात’ हे म्हणणे टोमणा म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही.

सालबाईच्या तहात कोणाच्या पदरात काय पडले?

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजी शिंदे आणि इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी सतरा कलमांचा तह केला. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत करायचा ठरले, म्हणून वसई परत मिळाली आणि गुजरात पूर्वस्थितीवर आले. राघोबादादांना इंग्रजांनी यापुढे कसलीही मदत करायची नाही. त्यांनी दरमहा पंचवीस हजार रुपये घेऊन स्वस्थ राहायचे. पेशवे म्हणून सवाई माधवरावच राहिले. इंग्रजांकडे साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे राहिली. पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीयांना पेशव्यांनी आपल्या राज्यात वखारी घालू द्यायच्या नाहीत, असे वचनही इंग्रजांनी मिळवले. म्हणजे फ्रेंचांची भीती मिटली. हैदरने घेतलेला कर्नाटकचा मुलूख सहा महिन्यांत परत करावा, याची हमी पेशव्यांनी घेतली. वडगावच्या कैद्यांशी महादजी चांगले वागले, याची आठवण ठेवून इंग्रजांनी भडोच त्यांना दिले.

सर्वांत वाईट गत झाली ती दोघांची. राघोबादादा कोपरगावी जाऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. इंग्रजांच्या भरवशावर ग्वाल्हेर मिळालेल्या गोहदच्या राण्याला कोणी वाली उरला नाही. १७८३ मध्येच महादजींनी ग्वाल्हेर परत घेतले.

‘मराठे युद्धात जिंकले आणि तहात हरले’ हे म्हणणे येथे लागू पडते का?

हे वाक्य आपल्याकडे कोणत्याही तहाला चिकटवण्याची सवय पडून गेली आहे. वडगावला ते लागू पडते, सालबाईला नाही. सालबाईच्या वेळी वसई, अहमदाबाद आणि ग्वाल्हेर इंग्रजांकडे किंवा त्यांच्या मित्रांकडे होते. तलवारीने ही ठाणी परत घ्यायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. वसई आणि अहमदाबाद तहाने परत आली आणि ग्वाल्हेर महादजींनी पुढच्याच वर्षी घेतले. युद्धात जे गेले होते, त्यातले बहुतेक तहाने मिळवून दिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. अपवाद साष्टी आणि तिच्या आसपासच्या लहान बेटांचा, आणि साष्टी तर पुरंदरच्या तहातच लिहून दिलेली होती.

साष्टीचा तोटा मात्र लहान मानू नये. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा तो सारा प्रदेश, म्हणजे आजची मुंबईची उपनगरे. मुंबईचे बंदर आणि कोकणचा मुलूख यांच्यामध्ये मराठ्यांची ठाणी होती तोवर मुंबई कोंडलेली होती. ती कोंडी १७७४ मध्ये फुटली ती कायमची.

महादजींनी दौलतीपेक्षा स्वतःचे हित पाहिले का?

दोन्ही पाहिली. मार्च १७८१ मध्ये माळव्यात इंग्रज अधिकारी कॅमॅकने रात्री अचानक छापा घालून महादजींच्या तोफा नेल्या आणि उत्तरेतले त्यांचे बस्तान धोक्यात आले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्यांनी कर्नल म्यूरशी स्वतंत्र समझोता केला आणि पुढच्या तहात मध्यस्थ होण्याचे कबूल केले. सालबाईच्या तहाला तर ते दोन्ही बाजूंचे जामीन राहिले. पेशव्यांचा सरदार आणि पेशव्यांच्या तहाला जामीन, हा प्रकार पुण्यात कोणाला रुचला नाही. इंग्रजांना मात्र त्यातून हवे ते मिळाले: मराठ्यांच्या एका मोठ्या सरदाराशी पुण्याला वगळून बोलणी करता येतात, हा धडा ते विसरले नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांत महादजी दिल्लीच्या बादशहाचे वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले, त्याला ही इंग्रजांची तटस्थता उपयोगी पडली. व्यक्तिगत हिशेब करायचा तर या युद्धात महादजींइतका फायदा दुसऱ्या कोणाचाच झाला नाही.

नाना फडणिसांनी तहाला मान्यता द्यायला उशीर का केला?

हैदर मैदानात असेपर्यंत इंग्रजांना टांगते ठेवण्यात पुण्याचा फायदा होता, शिवाय मित्राचा मुलूख परत देववण्याचे कलम नानांना गळी उतरवणे जड जात होते. हेस्टिंग्जने जूनमध्येच तह मंजूर केला होता. पुण्याची मान्यता डिसेंबर १७८२ मध्ये मिळाली. त्याच महिन्याच्या ७ तारखेला हैदरचा मृत्यू झाला होता. टिपूने पुढे लढाई चालू ठेवली आणि मार्च १७८४ मध्ये मंगळूरला इंग्रजांशी स्वतंत्र तह केला. पुण्याने आपल्याला वाऱ्यावर सोडले, ही म्हैसूरची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते.

इंग्रजांना वीस वर्षांची उसंत मिळाली, म्हणून खरे विजेते तेच, असे का म्हणू नये?

इंग्रजी ग्रंथांत हा युक्तिवाद सर्रास आढळतो आणि तो वरवर पाहता पटतोही. त्या वीस वर्षांत कंपनीने टिपूचा बंदोबस्त केला, बंगालची घडी बसवली आणि मग मराठ्यांकडे मोर्चा वळवला. पण उसंत दोघांनाही सारखीच मिळाली होती. त्याच काळात महादजींनी दिल्ली हाताखाली घातली, द बॉयन या युरोपीय सेनानीच्या देखरेखीखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि १७९५ मध्ये खर्ड्याला एकत्रित मराठी फौजेने निजामाला गुडघे टेकायला लावले. एका पक्षाने मोकळा वेळ अधिक चांगला वापरला, म्हणून आधीचे युद्ध त्याने जिंकले होते असे ठरत नाही. परीक्षेनंतरच्या सुट्टीत कोणी किती अभ्यास केला, यावरून झालेल्या परीक्षेचे गुण बदलत नाहीत.

युद्ध चालू असताना हेस्टिंग्जच्या मनात काय होते, तेही पाहावे. पुण्यात आपल्या तंत्राने चालणारा पेशवा बसवणे त्याला साधले नाही. फ्रेंचांना बाहेर ठेवणे साधले. पैशाच्या बाबतीत कंपनी इतकी घाईला आली की काशीच्या चेतसिंहाकडून आणि अवधच्या बेगमांकडून जबरदस्तीने पैसा उकळण्याची पाळी आली, आणि पुढे इंग्लंडात हेस्टिंग्जवर जो महाभियोग चालला त्यातली ही ठळक कलमे होती. जिंकलेल्या युद्धाची ही लक्षणे नव्हेत.

१८०२ च्या वसईच्या तहाने सालबाईचा निकाल उलटला का?

उलटला असे दिसते खरे. १७९४ मध्ये महादजी, १७९५ मध्ये सवाई माधवराव आणि १८०० मध्ये नाना गेले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पुण्यापाशी पराभव होताच पेशवे दुसरे बाजीराव पळून वसईला गेले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. ज्या गोष्टीसाठी मुंबईकरांनी १७७५ मध्ये सुरतेला सही केली होती, ती सत्तावीस वर्षांनी राघोबादादांच्याच मुलाने बिनयुद्धाची करून दिली.

तरीही निकाल उलटला असे आम्ही म्हणणार नाही. १७७५ ते १७८२ या काळात पुण्यातला कारभारी, माळव्यातला सरदार, मिरजेचा पटवर्धन आणि नावापुरते का होईना नागपूरकर भोसले एका बाजूला उभे होते. मोरोबांचा कट फसला, सखारामबापूंना कैदेत टाकले गेले आणि तुकोजी होळकर परत आले. १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढत असताना होळकर वेगळे बसले होते, पेशवा इंग्रजांच्या छावणीत होता आणि गायकवाड आधीच तैनाती फौजेखाली गेले होते. सालबाईच्या वेळी वाटाघाटींना जी माणसे बसली होती, ती आणि त्यांचा आपसातला विश्वास संपल्यावर जे झाले तो त्या युद्धाचा निकाल नव्हे. ते दुसरेच युद्ध होते आणि त्याचा निकाल दिल्ली, असई, लासवारी आणि अडगाव येथे लागला.